साखळी-करवतीचे इंजिन : दुखणे आणि निगा

हैदराबादेत वळीव बहुधा दुपार कलल्यावर येतो आणि येताना वारा घेऊन येतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या शहरावर ढग दाटतात, अर्धा-पाऊण तास पाऊस झोडपून काढतो, आणि तो ओसरल्यावर गुलमोहराच्या, सोनमोहराच्या, विलायती शिरीषाच्या फांद्या रस्त्यांवर आडव्या झालेल्या दिसतात. हिमायतनगरासारख्या जुन्या वस्तीला हे दृश्य नवे नाही. हे हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव नव्हे. नारायणगुडा आणि बशीरबाग यांच्या शेजारची, हैदराबाद शहराच्या मध्यभागातील ही वस्ती. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांच्या नावाने ती ओळखली जाते. मुख्य रस्ता वर्दळीचा, आतल्या गल्ल्या अरुंद आणि डोक्यावर विजेच्या व केबलच्या तारा. अशा ठिकाणी एक मोठे झाड उन्मळले की साऱ्या गल्लीची वाट बंद होते. पलीकडच्या घरात कोणी आजारी असेल, तर रुग्णवाहिका झाडाच्या अलीकडेच उभी राहते.

वादळानंतर रस्ते मोकळे करण्याचे काम महापालिकेची पथके करतात. २०२४ साली स्थापन झालेली ‘हायड्रा’ ही यंत्रणाही त्या कामी येते. या कामातले मुख्य हत्यार म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. बाजारात तिला चेनसॉ म्हणतात. खाजगी कंत्राटदार, बागांचे माळी, मोठ्या इमारतींच्या सोसायट्या यांच्यापाशीही आता ती आढळते. पण ज्या संध्याकाळी तिची खरी गरज असते, नेमक्या त्याच संध्याकाळी एखादी करवत सुरू होत नाही. दोरी दहा वेळा ओढली जाते, वीस वेळा ओढली जाते; ओढणाऱ्याचा खांदा भरून येतो, भोवती जमलेला प्रत्येक जण आपापला सल्ला देतो, आणि शेवटी कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बुरेटरचे स्क्रू फिरवू लागतो. येथपर्यंत दुखणे किरकोळ असते. स्क्रू फिरले की ते गंभीर होते.

हे यंत्र मुळात कसे घडत गेले हे ठाऊक असले, तर त्याचा स्वभाव समजणे सोपे जाते. साखळीला दाते लावून कापण्याची कल्पना प्रथम शस्त्रक्रियेत आली. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्यकाने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाची एक लहान साखळी-करवत तयार केली होती. जंगलात ती आली शंभर वर्षांनी. जर्मनीतच १९२७ साली एमिल लेर्प यांनी आणि १९२९ साली आंद्रेआस श्टिल यांनी पेट्रोल इंजिनाच्या करवती आणल्या; परंतु त्या इतक्या जड होत्या की एक करवत चालविण्यास दोन माणसे लागत. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या एका अळीच्या जबड्यांचे निरीक्षण केले आणि डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कापणारा दाता घडविला. १९४७ पासून तो बाजारात आला. आजच्या साखळ्यांचा दाता त्याच वळणाचा आहे. १९५० च्या दशकात करवतीला पडद्याचा कार्बुरेटर मिळाला. त्यात तरंगत्या गोळ्याऐवजी रबरासारख्या लवचिक द्रव्याचा पातळ पडदा असतो, म्हणून करवत आडवी, उभी, तिरपी कशीही धरली तरी इंजिन चालते. हा पडदा फार उपयोगी आणि तितकाच नाजूक आहे.

करवतीचे इंजिन साधारणतः टू-स्ट्रोक जातीचे असते. ज्या घरात एकेकाळी लँब्रेटा किंवा जुनी बजाज चेतक होती, त्या घरातील वडीलधाऱ्यांना या इंजिनाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पेट्रोल भरताना त्यात मापाने ऑइल घालणे, सकाळी स्कूटर सुरू होईना म्हणजे ती एका अंगावर कलती करणे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, हे सारे त्यांनी केलेले असते. या इंजिनात वंगणाचा निराळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच पिस्टनचे आणि बेअरिंगांचे वंगण. फरक वेगाचा आहे. करवतीचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते आणि तिची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. स्कूटरच्या इंजिनाने जी हयगय महिनोन्महिने सोसली असती, ती या इंजिनाला काही मिनिटांत भोवते.

म्हणून पहिली गोष्ट इंधनाची. बहुतेक नव्या करवतींना, चांगले टू-स्ट्रोक ऑइल वापरल्यास, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल हे प्रमाण सांगितलेले असते. याचा अर्थ ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर. काही यंत्रांना आणि साध्या ऑइलला पंचवीसास एक, म्हणजे ५ लिटरला २०० मिलिलिटर, असे प्रमाण लागते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे मानावे. ऑइल अंदाजाने ओतू नये. मापाचे भांडे ठेवावे. मिश्रण टाकीत न करता वेगळ्या डब्यात करावे, चांगले हलवावे आणि मगच टाकीत भरावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. ऑइल फार झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरते. यांतला दुसरा दोष निस्तरता येतो. पहिल्याची भरपाई नवा पिस्टन आणि नवा सिलिंडर घेऊनच करावी लागते.

इंधनाच्या बाबतीत अलीकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ साली गाठले. उसापासून आणि धान्यापासून मिळणारे हे इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. महिना-दोन महिने पडून राहिलेल्या डब्यात पुरेसे पाणी शिरले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी निराळा थर करतात. करवतीच्या टाकीत पेट्रोल शोषणारी नळी तळाशीच लोंबत असते. ती हाच थर ओढते आणि त्यात वंगणाचे ऑइल नीट मिसळलेले नसते. शिवाय जुन्या करवतींच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरचा पडदा इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात. लहान इंजिनांचे बरेच उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. तेव्हा यंत्राची पुस्तिका काय म्हणते ते पाहावे, महिन्याभरात संपेल इतकेच पेट्रोल आणावे, डबा घट्ट झाकून सावलीत ठेवावा, आणि मागच्या हंगामातील उरलेले इंधन करवतीत कधीही घालू नये.

आता करवत सुरूच होत नाही अशी परिस्थिती घ्यावी. इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी हव्यात : योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, योग्य क्षणी ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. या तिघांपैकी कोण गैरहजर आहे हे क्रमाने शोधावे. सोप्या गोष्टीपासून आरंभ करावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

प्रारंभी बटण ‘चालू’वर आहे ना, टाकीत ताजे मिश्रण आहे ना, हवेची गाळणी भुशाने बुजलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. पुष्कळशा तक्रारी येथेच मिटतात. त्यानंतर करवत जमिनीवर सपाट ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, मागच्या मुठीत पायाचा पंजा आणि पुढच्या मुठीवर डावा हात दाबून, चोक देऊन दोरी ओढावी. इंजिनाने एकदा ‘भक्’ असा आवाज केला की चोक काढावा आणि पुन्हा ओढावी. पुष्कळांची चूक अशी की तो पहिला आवाज त्यांच्या कानी पडत नाही. चोक तसाच ठेवून ते ओढीत राहतात आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते.

आठ-दहा वेळा ओढूनही इंजिन बोलत नसेल तर प्लग काढून पाहावा. करवतीच्या दुखण्यात प्लग वैद्याच्या नाडीसारखा उपयोगी पडतो. तो कोरडा असेल, तर पेट्रोल वरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी टाकीतील गाळणी, नळीला गेलेला तडा आणि कार्बुरेटरचा पडदा या क्रमाने तपास करावा. प्लग ओलाचिंब असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे. एक तर ते फार झाले आहे, किंवा ठिणगी पडत नाही. फार झालेले पेट्रोल काढण्यासाठी बटण बंद करावे, प्लग बाहेर ठेवून दोरी सहा-सात वेळा ओढावी, म्हणजे साचलेले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. त्या वेळी जवळ विडी-काडी नसावी, आणि प्लगची वायर छिद्रापासून दूर असावी. प्लग पुसून, वाफ उडून जाण्यास दहा मिनिटे देऊन, चोक न देता पुन्हा प्रयत्न करावा.

ठिणगीविषयी शंका आली, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहणे. प्लगच्या दोन टोकांतील अंतर बहुतेक करवतींत अर्धा मिलिमीटर असते. नव्या प्लगनेही भागले नाही, तर बटणाची वायर, प्लगची टोपी आणि कॉइल यांच्याकडे वळावे. थंड असताना उत्तम चालणारी, तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर पुन्हा सुरू होणारी करवत असेल, तर पुष्कळदा कॉइल दोषी असते.

राहिला दाब. तो अजमावण्यास उपकरण मिळते, पण हातालाही तो कळतो. बटण बंद ठेवून दोरी सावकाश ओढली असता ठरावीक अंतराने जोरदार अडसर जाणवला पाहिजे. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी सहज येऊ लागली, तर रिंग किंवा पिस्टन गेला असे समजावे. सायलेन्सर काढून बाहेर जाणाऱ्या धुराच्या छिद्रातून डोकावले, तर पिस्टनचे अंग दिसते. ते गुळगुळीत असेल तर इंजिन शाबूत आहे. त्यावर उभे ओरखडे असतील, तर इंजिन वंगणाविना किंवा फार तापून चालले आहे. येथे घरगुती उपाय संपतात. करवत अनुभवी मिस्त्रीच्या हवाली करावी. त्याला नवा पिस्टन बसविण्यापूर्वी मूळ कारण शोधावयास मात्र आवर्जून सांगावे, कारण ते कारण राहिले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

करवत सुरू होते, पण नीट चालत नाही, हा तक्रारींचा दुसरा वर्ग. मंद गतीत ठीक चालते आणि लाकडाला लावताच दम टाकते, असे झाले तर टाकीतील गाळणी, हवेची गाळणी आणि सायलेन्सरची जाळी पाहावी. काही मिनिटे चालून विझते आणि टाकीचे झाकण सैल केले की सुस्कारा टाकून पुन्हा चालू लागते, असे झाले तर टाकीत हवा जाण्याचे बारीक छिद्र बुजले आहे. खटका सोडल्यावरही वेग उतरत नाही, इंजिन किंचाळत राहते, हे लक्षण सर्वांत वाईट. कोठून तरी जादा हवा आत शिरत आहे. क्रँकचे सील गेले असेल किंवा कार्बुरेटर आणि सिलिंडर यांमधील रबरी नळीला चीर पडली असेल. हवा वाढली म्हणजे त्या प्रमाणात पेट्रोल आणि वंगण घटले. अशी करवत तत्काळ बंद करावी. आवाज चढला म्हणून ताकद वाढली असे वाटते आणि कामगार खूश होतो, पण त्या आवाजात पिस्टन झिजत असतो.

कार्बुरेटरच्या स्क्रूंना हात लावण्याची वेळ या सगळ्यांनंतर येते. मंद गतीचा एक आणि मिश्रणाचे दोन असे तीन स्क्रू पुष्कळ करवतींना असतात. गाळणी, प्लग, नळ्या, इंधन यांतील दोष तसाच ठेवून स्क्रूने तो झाकण्याचा प्रयत्न केला, तर पुढे खरा दोष दूर झाल्यावर मिश्रण बिघडलेलेच राहते. पूर्ण वेगाचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. मंद गतीचा स्क्रू मात्र एका कारणासाठी अवश्य पाहावा. खटका सोडलेला असताना साखळी पूर्ण थांबली पाहिजे. ती सरकत असेल, तर मंद गती चढी आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे, आणि अशी करवत हातात घेणे म्हणजे अपघाताला बोलावणे होय.

इंजिनाच्या माथी मारल्या जाणाऱ्या कित्येक तक्रारी खरे पाहता साखळीच्या असतात. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या काढते. बोथट साखळी पिठासारखा भुसा उडविते. शहरातील झाडांच्या खोडांत फलकांसाठी ठोकलेले खिळे आणि केबलसाठी गुंडाळलेल्या तारा सालीखाली गडप झालेल्या असतात. असा एक खिळा सापडला की दात्यांची धार जाते. मग कामगार करवतीवर भार देतो, इंजिन तापते, क्लच घसरतो, आणि दोष इंजिनाला लागतो. उपाय गोल कानशीचा. साखळीच्या मापाची कानस घ्यावी, बहुतेक साखळ्यांस चालणारा ३० अंशांचा कोन धरावा, दात्याच्या आतून बाहेर अशा एकाच दिशेने घासावे, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात मारावेत. दात्यापुढील खुंट दात्याहून अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली असावा. ज्या पोलादी पट्टीवरून साखळी धावते, तिची खोबण खरवडून साफ ठेवावी आणि पट्टी अधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे ती दोन्ही कडांनी सारखी झिजते. साखळीला लागणारे ऑइल निराळ्या टाकीत असते. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी तेही भरावे. पट्टीचे टोक फिकट पुठ्ठ्यासमोर धरून वेग दिला असता तेलाची रेघ उमटली, तर वंगण पोहोचत आहे असे समजावे.

निगा आणि सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कठीण वस्तूला लागला, तर करवत क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या क्षणी जीव वाचतो तो साखळीच्या ब्रेकमुळे, आणि तो ब्रेक भुशाने आणि चिकट तेलाने जाम झालेला असेल तर उपयोग शून्य. म्हणून दिवसाचे काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक तपासावा. आवाज १०० डेसिबेलच्या वर असल्याने कानांना झाकण, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, डोक्याला शिरस्त्राण आणि पायांत जाड बूट हवेत. वादळात पडलेल्या झाडात तार अडकलेली असेल, तर वीज बंद केल्याची खात्री पटेपर्यंत करवत सुरूच करू नये. आडवे पडलेले झाड एक आणि उभे झाड दुसरे, हेही विसरू नये. तेलंगणात २००२ च्या जल, भूमी आणि वृक्ष कायद्याने, आणि महाराष्ट्रातील शहरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने, उभे झाड तोडण्यास पूर्वपरवानगी लागते.

आता मुख्य मुद्दा. ही करवत काम करून जितकी बिघडते, त्याहून अधिक पडून राहिल्याने बिघडते. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत ती राबते आणि नंतर कित्येक महिने कोपऱ्यात राहते. टाकीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट गाळ उरतो, तो कार्बुरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो, पडदा कडक होतो. पुढच्या वळवाच्या संध्याकाळी जे घडते त्याचे बी असे सहा महिने आधी पेरलेले असते. यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. सिलिंडरच्या पंखांतला भुसा ब्रशने काढावा, हवेची गाळणी धुऊन वाळवावी, साखळी तेलात भिजवून ठेवावी. टाकी कोणत्या दिवशी रिकामी केली, प्लग केव्हा बदलला, हे एका वहीत लिहावे. एका यंत्राला अनेक हात लागतात तेथे ती वही मिस्त्रीइतकीच उपयोगी ठरते.

मग मार्चच्या अखेरीस, आभाळ कोरे असतानाच, ताजे मिश्रण भरून करवत एकदा सुरू करून पाहावी आणि एखाद्या वाळलेल्या ओंडक्यावर चालवावी. दोष असेल तर तो त्या दिवशी उघडकीस येईल. दुकाने उघडी असतील, सुटे भाग मिळतील आणि मिस्त्रीला सवड असेल. हिमायतनगरच्या गल्लीत झाड आडवे पडते त्या रात्री यांतले काहीच हाताशी नसते. त्या रात्री करवत दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झाली, तर त्याचे श्रेय कोणाला द्यावे हे पलीकडे थांबलेल्या रुग्णवाहिकेतील माणसांना कळणार नाही. वाट मोकळी झाली, एवढेच त्यांना कळेल.